'फॉरेन करस्पाँडंट': वाऱ्याविरुद्ध फिरणारी पवनचक्की

अ‍ॅमस्टरडॅममध्ये पाऊस कोसळतो आहे. एका भव्य इमारतीच्या पायऱ्यांवर एक वृद्ध मुत्सद्दी येऊन उभा राहतो, छायाचित्रकार पुढे सरकतो आणि त्याच्या कॅमेऱ्याआडून पिस्तुलाची गोळी सुटते. मारेकरी पायऱ्या उतरून गर्दीत घुसतो, आणि वरून पाहणाऱ्या आपल्याला दिसतात त्या फक्त काळ्या ओल्या छत्र्या. माणूस दिसतच नाही, पण छत्र्या जिथे जिथे हिंदकळतात तिथून तो निसटतो आहे हे कळते. हा प्रसंग मी कितीतरी वेळा पाहिला आहे आणि तरीही त्या छत्र्या हलू लागल्या की माझा श्वास रोखला जातो.

अल्फ्रेड हिचकॉक यांचा हा कृष्णधवल हेरपट ऑगस्ट १९४० मध्ये प्रदर्शित झाला. युरोपात युद्ध पेटलेले होते आणि अमेरिका अजून त्यात उतरली नव्हती, हे ध्यानात ठेवून तो पाहावा. कथा सुरू होते ती ऑगस्ट १९३९ मध्ये. युरोपातून येणाऱ्या गुळमुळीत बातम्यांना कंटाळलेला एक अमेरिकी संपादक परराष्ट्र राजकारणातले ओ की ठो न कळणाऱ्या जॉनी जोन्स या गुन्हेवार्ताहराला तिकडे धाडतो. ही निवड म्हणजे मला अख्ख्या चित्रपटाची किल्ली वाटते, कारण जोन्सला करारनाम्यांची भाषा कळत नसली तरी जागच्या जागी नसलेली वस्तू त्याच्या नजरेतून सुटत नाही.

याचा सर्वांत सुंदर पुरावा पवनचक्कीच्या प्रसंगात मिळतो. मारेकऱ्याचा पाठलाग करता करता जोन्स उघड्या माळावर येतो, मोटार गायब झालेली असते, आणि वाऱ्याने उडालेली टोपी पकडायला धावताना त्याच्या लक्षात येते की समोरच्या चक्कीची पाती वाऱ्याच्या उलट दिशेने फिरत आहेत. ती विमानासाठीची खूण असते. टोपीला वाऱ्याची दिशा दाखवायला लावून दिग्दर्शकाने एका शब्दाविना कट उघड केला आहे. पुढे चक्कीच्या आत, शत्रू चार हातांवर असताना, जोन्सच्या कोटाची बाही लाकडी दातेरी चाकात अडकते. ओढावी तर आवाज होणार आणि न ओढावी तर हात चिरडणार, अशा कोंडीत तो अंग चोरून कोटातून बाहेर पडतो आणि कोट चाकाबरोबर पुढे जातो. हॉलिवूडच्या स्टुडिओत उभारलेल्या या चक्कीतला काळोख आणि तिची करकर इतकी खरी वाटते की सेटचा विचारही मनात येत नाही.

खलनायक कोण, हे चित्रपट मध्यावरच सांगून टाकतो. ज्यांना ते आधी कळायला नको असेल त्यांनी हा परिच्छेद सोडावा. शांतता चळवळीचा पुढारी स्टीफन फिशर (हर्बर्ट मार्शल) हाच शत्रूचा हेर आहे, आणि तो आपल्या मुलीवर मनापासून प्रेम करतो. विमानात तो तिला सारे सांगतो तेव्हा मार्शल यांनी आवाज कुठेही चढवलेला नाही. त्यामुळे त्या माणसाची चीड येता येता त्याची कणवही येते. पायऱ्यांवर मारला जातो तो तोतया असतो; खऱ्या, अपहृत मुत्सद्दी व्हॅन मीर यांच्या भूमिकेत अल्बर्ट बासरमन आहेत. पत्नी ज्यू असल्याने नाझी राजवटीत जर्मनी सोडून आलेला हा थोर नट डोळ्यांवर प्रखर दिव्यांचा मारा होत असताना ज्या थकलेल्या निग्रहाने बोलतो, त्याला ऑस्करचे नामांकन मिळाले यात नवल नाही.

उणिवा आहेत. जोन्स आणि फिशरची मुलगी कॅरल यांचे प्रेम बोटीवर इतक्या घाईने जुळते की ते पटत नाही, आणि कॅरल साकारणाऱ्या लरेन डे यांच्या वाट्याला त्यामुळे फारसे काही उरत नाही. जोएल मॅक्रे नायक म्हणून रांगडे आणि लोभस आहेत, पण त्याच्या पत्रकार मित्राच्या भूमिकेतले जॉर्ज सँडर्स पडद्यावर आले की ते सहज मागे पडतात.

विमान समुद्रात कोसळते तो प्रसंग मात्र आजही थक्क करतो. वैमानिकांच्या पाठीमागून आपण पाहत असतो, समुद्र वर वर येतो आणि दृश्य कुठेही न तुटता काचेतून पाण्याचा लोंढा आत घुसतो. समुद्राचे चित्रण कागदी पडद्यावर मागून टाकून, त्यामागच्या टाक्यांतले पाणी तो पडदा फाडून आत सोडले होते. हे ठाऊक असूनही त्या क्षणी मी खुर्चीचे हात घट्ट धरतो.

शेवटचा प्रसंग मुख्य चित्रीकरण संपल्यावर, जुलै १९४० मध्ये जोडला गेला. लंडनवर बॉम्ब पडत आहेत, ध्वनिक्षेपण केंद्रातले दिवे विझतात, आणि जोन्स हातातला कागद बाजूला ठेवून अंधारातच अमेरिकेला आपले दिवे जपायला सांगतो. हे भाषण प्रचारकी आहे असा आक्षेप घेतला जातो, पण मला तो मान्य नाही. लंडनवरचे सलग हवाई हल्ले खरोखर सुरू झाले ते ७ सप्टेंबर १९४० रोजी, म्हणजे हा चित्रपट चित्रपटगृहांत पोहोचल्यानंतर तीनच आठवड्यांनी.