कोल्हापुरी चप्पल: दुकानातलं गिऱ्हाईक की परदेशी ऑर्डर?

कोल्हापुरी चपलांच्या घरच्या धंद्यात उतरताना पहिला प्रश्न येतो तो पैशाचा. हातातलं भांडवल दुकानात घालायचं की निर्यातीत? माल चोख लागतो तो दोन्हीकडे. म्हणून मी २०२० आणि २०२१ ही दोन वर्षं समोर ठेवतो. कोरोनाच्या साथीत पैसा कुठे अडला हे नीट पाहिलं, की आपल्याला काय झेपेल ते कळतं.

आधी दुकान. चप्पल लाईनचं, म्हणजे कोल्हापुरातल्या चपलांच्या बाजाराचं पोट अंबाबाईच्या दर्शनाला येणाऱ्या माणसांवर चालतं. मार्च २०२० मध्ये देऊळ बंद झालं ते १६ नोव्हेंबरला, दिवाळी पाडव्याला उघडलं. मधलं नवरात्र भाविकांविना गेलं. २०२१ च्या एप्रिलमध्ये देऊळ पुन्हा बंद झालं आणि ७ ऑक्टोबरला, घटस्थापनेला उघडलं. म्हणजे दोन्ही उन्हाळ्यांचा हंगाम हातचा गेला. उन्हाळ्यासाठी बांधून ठेवलेले जोड पावसाळ्यात पडून राहिले, की कातड्याला बुरशी धरते. जुलै २०२१ मध्ये तर पुरामुळे महामार्गही बंद पडला. देऊळ बंद ठेवणं तेव्हा गरजेचं होतं, असंच मला आजही वाटतं. पण दुकानाचं भाडं थांबत नव्हतं आणि कारागिराची चूलही.

तरी दुकानाची एक बाजू भक्कम आहे. शटर वर गेलं की त्याच दिवशी रोख पैसा येतो.

निर्यातीचा घाव वेगळा होता. एप्रिल २०२० मध्ये देशाची माल-निर्यात आदल्या वर्षीच्या एप्रिलच्या तुलनेत सुमारे ६० टक्क्यांनी घसरली. पुढे मागणी परतली आणि २०२१-२२ मध्ये निर्यात ४०० अब्ज डॉलरच्या पुढे गेली. पण त्या आकड्यात लहान निर्यातदार दिसत नाही. जगातल्या मोठ्या सागरी मार्गांवर ४० फुटी कंटेनरचं सरासरी भाडं साथीआधी दोन हजार डॉलरच्या आत होतं, ते सप्टेंबर २०२१ मध्ये दहा हजारांवर गेलं. यंत्राच्या महागड्या भागाला हे भाडं सोसतं, चपलेला नाही. पार्सलने पाठवावं, तर नियमित आंतरराष्ट्रीय प्रवासी विमानं मार्च २०२० पासून दोन वर्षं बंद होती. त्यांच्या पोटातून जाणाऱ्या मालाची जागाच गेली, आणि उरलेल्या जागेचे दर चढले.

आरोग्याच्या नियमांबाबत मात्र निर्यातीचं पारडं मला जड वाटतं. इथे दुकान कधी उघडायचं, किती वाजता मिटायचं, हे साथीत पंधरवड्या-पंधरवड्याला बदलत होतं. परदेशी नियम कडक असला तरी आधी माहीत असतो. युरोपात त्वचेला लागणाऱ्या चामड्यात घातक क्रोमियम किलोमागे ३ मिलिग्रॅमच्या आत असावं लागतं, २०१५ पासून. आपली पारंपरिक चप्पल बाभळीच्या सालीने आणि हिरड्याने कमावलेल्या कातड्याची. तिला क्रोमियमची गरजच नाही, ही आपल्या बापजाद्यांची कमाई आहे! फक्त रंगीत पट्ट्यासाठी बाजारातलं क्रोमियमने कमावलेलं स्वस्त कातडं मिसळलं, की तपासणीत माल अडकू शकतो. म्हणून कातडं कुठून आलं, कुणी कमावलं, याची नोंद प्रत्येक लॉटला ठेवा. २०१९ मध्ये कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन, म्हणजे ठरावीक भागातल्या मालालाच ते नाव लावायचा हक्क, मिळालं. तो कागदही परदेशी गिऱ्हाइकाला दाखवता येतो.

माझं मत सांगतो. तीन महिन्यांच्या भाड्याची आणि मजुरीची रक्कम बाजूला नसेल, तर निर्यातीवर धंदा उभा करू नका. दुकान चालवा, पण पुण्या-मुंबईच्या दुकानदारांच्या ऑर्डरीही धरा, म्हणजे देऊळ बंद झालं तरी सगळं थांबणार नाही. सहा महिन्यांची सोय असेल, तर निर्यात जरूर करा. आयात-निर्यात कोड, म्हणजे परदेशी व्यापाराचा सरकारी नोंदणी क्रमांक, काढा, पहिल्या ऑर्डरींना निम्मे पैसे आगाऊ घ्या, उरलेल्यासाठी निर्यात पतविमा उतरवा. तो विमा पैसे बुडवणाऱ्या गिऱ्हाइकापासून वाचवतो, वाढलेल्या भाड्यापासून नाही. म्हणून जहाजाचं भाडं कुणी भरायचं, हे ऑर्डरीतच लिहून घ्या.