गावची जत्रा, पिंगुळी-सावंतवाडीची सहल की थिबा राजवाड्यातील संगीत : घरच्यांना घेऊन कोठे जावे?

दिवाळी सरून देवळांच्या जत्रा सुरू झाल्या की सिंधुदुर्ग-रत्नागिरीतल्या घरांत एक प्रश्न निघतोच : मुले आणि वडीलधारी माणसे या दोघांनाही रमवील असे, फार लांब न जाता, काय पाहता येईल? विचारात घ्यावेत असे तीन पर्याय माझ्यासमोर आहेत. त्यांतला कोणता निवडायचा हे कलेच्या दर्जावरून ठरवण्यात अर्थ नाही, कारण दर्जा तिन्हींकडे आहे. घरातली माणसे किती वेळ बसू शकतात आणि किती जागू शकतात, यावरून ते ठरवावे.

जत्रेतला दशावतार, म्हणजे देवळापुढे रात्रभर रंगणारे कोकणातले लोकनाट्य, हा तिन्हींत सर्वांत समृद्ध अनुभव आहे आणि सर्वांत कष्टाचाही. देवाची पालखी देवळाभोवती फिरून झाल्यावर खेळ उभा राहतो, त्यामुळे सुरुवात रात्री बरीच उशिरा होते आणि शेवटचा दहीहंडी फोडण्याचा दहीकाला होईपर्यंत उजाडते. मुले सोबत असतील तर संपूर्ण रात्रीचा हट्ट धरू नये. मुख्य आख्यानाआधीचा पूर्वरंग, म्हणजे आडदशावतार, मात्र चुकवू नये. त्यात गणपती, ऋद्धी-सिद्धी आणि सरस्वती येऊन जातात, आणि मग वेद पळवणारा संकासुर काळ्या वेशात, काळ्या मुखवट्यात प्रवेश करून ठसकेबाज मालवणीत बोलू लागतो. अगदी लहान मूल त्याला बिचकते, पण जरा जाणते मूल त्याच्या बोलण्याने हसू लागले की पुढे सरकून बसते. पुढच्या आख्यानाची कथा ठरलेली असली तरी संवाद लिहिलेले नसतात. नट ते उभ्या उभ्या रचतो, हार्मोनियम आणि मृदंग त्याला साथ देतात, आणि समोरच्या माणसांचा प्रतिसाद पाहून प्रसंग लांबतो किंवा आटोपतो. आजोबांना हे आख्यान पाठ असते, म्हणून नातवाला शेजारी बसवून ते समजावतात, आणि हे सुख दुसऱ्या कोणत्याही कार्यक्रमात इतक्या सहज मिळत नाही. तिकीट नसते, खाजे-लाडवांची दुकाने समोरच असतात. अडचणी आहेत त्या जमिनीवर बसण्याच्या, थंडीच्या आणि स्वच्छतागृहाच्या; गुडघे दुखणाऱ्या माणसाने घडीची खुर्ची आणि शाल सोबत न्यावी.

ज्यांना जागरण झेपत नाही त्यांनी कुडाळजवळची पिंगुळी आणि सावंतवाडी एका दिवसात जोडावी. पिंगुळीत ठाकर समाजाची चित्रकथी, म्हणजे चित्रे दाखवत कथा सांगण्याची कला, आजही जिवंत आहे. तिथले कलावंत परशुराम गंगावणे यांना 2021 साली पद्मश्री मिळाली, आणि त्यांच्या कुटुंबाने उभारलेल्या संग्रहालयात चित्रांच्या पोथ्या, कळसूत्री बाहुल्या आणि चामड्याच्या बाहुल्या जवळून पाहता येतात. जाण्याआधी कळवून प्रयोगाची चौकशी केलेली बरी, कारण नुसत्या मांडलेल्या बाहुल्या पाहणे आणि दोऱ्यांवर नाचणारी बाहुली पाहणे यांत मुलांच्या दृष्टीने फार अंतर आहे. सावंतवाडीच्या राजवाड्यात गंजिफा, म्हणजे खेळायचे जुन्या पद्धतीचे पत्ते, हाताने रंगवण्याची कला जपली आहे. दशावतारी गंजिफेचे 120 गोल पत्ते असतात, दहा अवतारांचे प्रत्येकी बारा. जत्रेत संकासुर पाहिलेले मूल त्यांत संकासुराला मारणारा मत्स्यावतार लगेच शोधते. लाकडी खेळण्यांची चितारआळीही त्याच शहरात आहे. वेळ आपल्या हाती असतो आणि संध्याकाळी घरी परतता येते, हा या पर्यायाचा मोठा गुण आहे; मात्र गाडीभाडे आणि खेळण्यांची खरेदी धरता खर्च जत्रेपेक्षा जास्त होतो.

रत्नागिरीकरांना जानेवारीत थिबा राजवाड्याच्या आवारात होणारा संगीत महोत्सव जवळचा आहे. ब्रह्मदेशाच्या पदच्युत राजासाठी 1910 साली पूर्ण झालेल्या या वास्तूपुढे शास्त्रीय गायन-वादन ऐकण्याचा आनंद निराळाच, परंतु तिथे शांत बसावे लागते. म्हणून गाणे शिकणारी मुले असतील तरच तो कुटुंबासाठी निवडावा. एरवी मोठ्यांनी जावे, आणि मुलांसाठी शिमग्यातले नमन हे लोकनाट्य राखून ठेवावे.

घरात सहा वर्षांखालचे मूल किंवा आजारी माणूस असेल तर पिंगुळी-सावंतवाडी निवडावी, हे माझे स्पष्ट मत आहे. बाकी सर्वांनी आधी स्वतःच्या किंवा आजोळच्या गावची जत्रा धरावी. तिची तारीख तिथीवर ठरते, तेव्हा रजा टाकण्याआधी देवळाच्या मानकऱ्यांकडे विचारून घ्यावे, आणि मुलांना त्या दिवशी दुपारी झोपवावे.