स्पॅनिशचे अकरा महिने: इंग्रजीतून सुरुवात केली, मराठीतून उमगत गेली

आमच्या टीममधले चार जण मेक्सिकोत, ग्वादालाहाराला बसतात. पुण्यातले रात्रीचे आठ म्हणजे त्यांचे सकाळचे साडेआठ, बरोबर साडेअकरा तासांचा फरक. कॉलच्या सुरुवातीची पाच मिनिटं ते आपसात स्पॅनिशमध्ये बोलायचे आणि मी म्यूटवर बसून राहायचे. त्या पाच मिनिटांसाठी मी शिकायला लागले. आज अकरा महिने झाले. या काळात एक पैसे भरून घेतलेलं ॲप, डेक्कनजवळचा शनिवार-रविवारचा वर्ग, ऑनलाइन शिकवणी आणि एक दोनशे पानी वही एवढं वापरून झालं. सगळ्यात जास्त उपयोग वहीचा झाला. का झाला, ते सविस्तर सांगते.

आधी ॲप. कोथरूड ते हिंजवडी कंपनीच्या बसमध्ये रोज वीस-पंचवीस मिनिटं, खंड न पाडता केलं. पहिल्या तीन महिन्यांत शब्द भराभर साठले, कान तयार झाला, रोज बसायची सवय लागली. हे श्रेय त्याचंच. पण ते ॲप शिकणाऱ्याला इंग्रजी भाषक धरून चालतं. प्रत्येक वाक्य इंग्रजीतून समजावतं, आणि इंग्रजीत एखादी गोष्ट नसली की ती स्पॅनिशमधली विचित्र गोष्ट म्हणून पुढे येते. माझं शिक्षण इंग्रजी माध्यमातलं, त्यामुळे यात काही खटकलंही नाही. उच्चार तपासायची सोय तर काहीही बोललं तरी हिरवा टिक देते. मी तीन महिने 'टेंगो' (माझ्याकडे आहे) म्हणत होते आणि एकदाही चूक दाखवली गेली नाही.

वर्गात बाईंनी पहिल्याच दिवशी ते पकडलं. तेंगो, टेंगो नाही. स्पॅनिशचा त आणि द आपल्यासारखेच दंत्य आहेत. प, त, क म्हणताना हवेचा झोत सोडायचा नाही. इंग्रजी बोलणाऱ्यांना हे मुद्दाम शिकवावं लागतं. आपल्याकडे प आणि फ, त आणि थ लहानपणापासून वेगळे आहेत. तरीही आमच्या बॅचमधले बहुतेक जण रोमन अक्षरं बघून इंग्रजी वळणाचा ट काढत होते. मी त्या आठवड्यापासून वहीत स्पॅनिश देवनागरीत लिहायला लागले आणि जीभ आपोआप जागेवर आली. 'पेरो' म्हणजे पण, 'पेर्रो' म्हणजे कुत्रा. दुसऱ्यातला थरथरणारा र कुणाला जमत नसेल तर चिमणी भुर्र उडाली असं दहा वेळा म्हणून बघा, मला तिथेच सापडला. देवनागरीत न मावणारे दोन आवाज मात्र आहेत. 'नादा'मधला द, जिथे जीभ दाताला जेमतेम लागते, आणि ब-व. व्ही अक्षर दिसलं तरी उच्चार बच. गाय म्हणजे 'बाका'. मला अजूनही तोंडात 'वाका' येतं.

वर्गाबद्दल माझी तक्रार एकच, सगळं व्याकरण इंग्रजीतून. 'गुस्तार' (आवडणं) या क्रियापदावर दोन अख्खे तास गेले. फळ्यावर 'आय लाइक'ला उलटंपालटं करून बाण काढले, 'मँगो इज प्लीझिंग टू मी' असं काहीतरी लिहिलं, आणि तरी वर्ग गोंधळलेलाच. घरी येऊन वहीत लिहिलं:

मे गुस्ता एल मांगो. मला आंबा आवडतो.
मे गुस्तान लोस मांगोस. मला आंबे आवडतात.

शब्दाला शब्द जुळला. 'मे' म्हणजे मला, आणि क्रियापद आंब्याप्रमाणे चालतं, माझ्याप्रमाणे नाही. पहिलीतल्या मराठी मुलाला जे न शिकवता येतं, ते मी इंग्रजीतून दोन तास शिकत बसले होते. त्या रात्री मी वही पुन्हा पहिल्या पानापासून सुरू केली. डाव्या बाजूला स्पॅनिश, उजवीकडे मराठी, इंग्रजी कुठेही नाही.

मग एकेक दार उघडत गेलं. स्पॅनिशमध्ये कर्म माणूस असला की त्याच्याआधी एक छोटा 'आ' येतो. बेओ ला कासा, मी घर बघते. बेओ आ मि एर्माना, मी माझ्या बहिणीला बघते. मराठीतही घराला 'ला' प्रत्यय लागत नाही, बहिणीला लागतो. इंग्रजीत दोन्हीकडे काहीच नाही, म्हणून इंग्रजीतली पुस्तकं यावर नियम आणि अपवादांची पानं भरतात.

भूतकाळाचे दोन प्रकार हा सगळ्यांचा मोठा बाऊ. लहान असताना मी सुट्टीत आजोळी जायचे, इथे 'इबा'. गेल्या रविवारी आजोळी गेले, इथे 'फुइ'. इंग्रजी दोन्हीकडे 'वेंट'वर भागवू शकते. मी 'जायचे' की 'गेले' एवढं मनात विचारते, दहातली आठ उत्तरं बरोबर येतात. ज्याला सगळे घाबरतात ते सब्जंक्टिव्हही बरंचसं आपलं विध्यर्थ रूप निघालं. किएरो के बेंगास, तू यावंस अशी माझी इच्छा आहे. 'ओहाला युएबा', पाऊस पडो. 'ओहाला' हा शब्द अरबीतून स्पॅनिशमध्ये आला आहे, आपल्या 'देव करो'च्या जवळचा. जूनमध्ये खडकवासल्याकडे बघत मी हे वाक्य रोज म्हणत होते, ते आता विसरणार नाही.

आणि एक आईमुळे कळलेलं. तिच्या हातातून पेला निसटून फुटला, ती म्हणाली, "अगं, माझ्या हातून पेला पडला." दोन दिवस मी ज्या वाक्यावर अडले होते ते हेच होतं: से मे कायो एल बासो. पेला पडला, माझ्या बाबतीत पडला, मी पाडला नाही. मी स्वयंपाकघरातच उभी राहून आईला स्पॅनिश समजावलं.

मराठी सगळीकडे पुरत नाही, हेही सांगायला हवं. 'आहे'साठी स्पॅनिशमध्ये 'सेर' आणि 'एस्तार' अशी दोन क्रियापदं आहेत आणि तिथे आपण उघडे पडतो. दमलेली आहे, घरी आहे, इथे एस्तार. पुण्याची आहे, उंच आहे, इथे सेर. त्यात कार्यक्रम कुठे आहे हे सांगताना पुन्हा सेर. इथे घोकंपट्टी आणि ऐकणं, दुसरा उपाय मला सापडला नाही. 'एल' आणि 'ला' ही उपपदं आपल्याकडे नाहीतच, इंग्रजीही अर्धीच मदत करते. लिंगं तीनऐवजी दोन म्हणून बरं वाटतं, पण मराठीतलं लिंग तिकडे नेऊ नका: हात तिकडे स्त्रीलिंगी, 'ला मानो'. पुरुषांसाठी एक सूचना. आमच्या बाई स्वतःबद्दल 'एस्तोय कान्सादा', मी दमले, म्हणायच्या आणि वर्गातली मुलंही तसंच म्हणायला लागली. तुम्ही 'कान्सादो' म्हणा.

शब्दांमध्ये पोर्तुगीज कामी येते. साबण, मेज, चावी, पगार, पाव, बटाटा हे आपल्याकडे पोर्तुगीजांबरोबर आलेले शब्द, आणि पोर्तुगीज-स्पॅनिश सख्ख्या बहिणी. त्यामुळे 'हाबोन', 'मेसा', 'याबे' पाठ करावे लागले नाहीत. 'पागार' म्हणजे पैसे देणं. अप्पा बळवंत चौकात घेतलेल्या जुन्या शब्दकोशाने मात्र फसवलं, 'चोकोलाते' सी अक्षराखाली सापडेचना. स्पॅनिश अकादम्यांनी १९९४ मध्ये सीएच आणि दुहेरी एल यांचं कोशातलं वेगळं स्थान काढलं आणि २०१० मध्ये त्यांना वर्णमालेतूनही वगळलं. माझी प्रत त्याआधीची होती. आता स्पॅनिशच्या रॉयल अकादमीचा कोश इंटरनेटवर फुकट बघते.

सहाव्या महिन्यापासून आठवड्यातून एक तास कोलंबियातल्या बोगोताच्या एका बाईंकडे ऑनलाइन शिकते. मराठीचा गंध नसलेल्या या बाईंनी मला सगळ्यात जास्त बोलतं केलं, कारण त्या इंग्रजीत उतरतच नाहीत. त्यांच्याकडे घरातल्या माणसांनाही 'उस्तेद' म्हणतात, म्हणजे अहो-जाहो. मेक्सिकोतल्या आमच्या लीडला मी तशीच 'उस्तेद' म्हणाले, तर तो हसून म्हणाला, पुएदेस तुतेआर्मे. 'तुतेआर' म्हणजे एखाद्याला 'तू' म्हणणं, अरे-तुरे करणं. यासाठी त्यांच्याकडेही स्वतंत्र क्रियापद आहे याचा मला फार आनंद झाला. आणि ग्वादालाहाराहून 'आओरिता' (आत्ता लगेच) असं उत्तर आलं की ते 'आलोच' इतकंच लवचिक धरायचं, हे कामाच्या दृष्टीने सगळ्यात आधी शिकण्यासारखं.

आज मी कुठे आहे? अमेरिकी परराष्ट्र खात्याची प्रशिक्षण संस्था इंग्रजी भाषकाला कामापुरत्या स्पॅनिशसाठी सुमारे ७०० वर्गतास धरते. माझे सगळे मिळून सव्वातीनशेच्या आसपास झालेत. कॉलची पहिली पाच मिनिटं कळतात, दोन-तीन वाक्यं बोलते, दोघे भरभर थट्टा करायला लागले की सुटतं. पुढे डेले ही स्पॅनिशची प्रमाणपत्र परीक्षा द्यायची आहे, ए-२ म्हणजे खालून दुसऱ्या पातळीची. त्यात वाचन-लेखनाचा एक गट आणि ऐकणं-बोलण्याचा दुसरा. दोन्हींत ५० पैकी किमान ३० हवेत, म्हणून नुसत्या वाचनावर निभावणार नाही.

ॲपची वर्गणी पुढच्या महिन्यात संपते. ती वाढवणार नाही, त्या पैशात बोगोताच्या बाईंचे आणखी काही तास येतील. वही संपत आली आहे, दुसरी आणून ठेवली.