सिंड्रेलाच्या कॅसलमधलं जेवण आणि आमचे ६३० डॉलर

फ्लोरिडाच्या डिस्नी वर्ल्डला जाणार असाल आणि मुलांसाठी कॅरेक्टर डायनिंगचं, म्हणजे जिथे मिकी किंवा प्रिन्सेस टेबलापाशी येऊन भेटतात त्या जेवणाचं, टेबल शोधत असाल, तर हे वाचाच. टेबल कुणाकडूनही विकत घेऊ नका. टेबल धरून ठेवायला डिस्नी वेगळी फी घेत नाही. आम्ही मात्र एका बाईला तीन जेवणांच्या नुसत्या बुकिंगचे ६३० डॉलर दिले आणि त्यातलं एकच जेवण आमच्या वाट्याला आलं.

२०२४ च्या थँक्सगिव्हिंगच्या, म्हणजे नोव्हेंबरअखेरच्या अमेरिकन सुट्टीच्या, आठवड्यातली ही गोष्ट. सासूसासरे सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आले होते. मुलगी सहा वर्षांची, मुलगा तीनाला दोन महिने कमी. मुलीला सगळ्या सहलीत एकच गोष्ट हवी होती, कॅसलच्या आत बसून प्रिन्सेसबरोबर जेवायचं. डिस्नी वर्ल्डमधल्या मॅजिक किंगडम पार्कच्या मधोमध तो जो कॅसल आहे ना, त्यात खरोखरच जेवायची जागा आहे, सिंड्रेलाज रॉयल टेबल नावाची. तिने ते कुठल्याशा व्हिडिओत पाहिलं आणि तेव्हापासून रोज त्याचाच घोषा.

मी शोधायला लागले ते ऑक्टोबरच्या मध्यावर, आणि तिथेच उशीर झाला. ही बुकिंग ६० दिवस आधी उघडतात, तिथल्या वेळेने सकाळी सहाला. जे डिस्नीच्या हॉटेलात उतरतात त्यांना चेक-इनच्या ६० दिवस आधी एकदम पुढच्या दहा दिवसांपर्यंतची सगळी टेबलं धरता येतात. म्हणजे आमच्यासारखे बाहेर उतरणारे डिस्नीचं अ‍ॅप उघडतात तेव्हा निम्मी गर्दी आधीच पुढे गेलेली असते. आठवडाभर पहाटे उठून बघितलं. सहा जणांसाठी काहीच नाही.

मग सुट्ट्यांच्या प्लॅनिंगच्या एका व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर विचारलं. दहा मिनिटांत एका बाईचा वेगळा मेसेज आला, अगदी घरच्यासारखा. "ताई, कॅसलचं लंच मिळवून देते. कितीजण आहात? आजीआजोबा आहेत का? मग मी सकाळची घाई नको ठेवायला, बारानंतरचं बघते." मराठीतून, इतक्या आपुलकीने. त्या एका वाक्यावर मी विश्वास टाकला, हे आज मला स्पष्ट दिसतं. माझ्या सासूसासऱ्यांच्या गुडघ्यांची काळजी करणारी बाई लुबाडेल असं मनातही आलं नाही.

दर माणशी, दर जेवणाला ३५ डॉलर. सहा माणसं, तीन जेवणं. निम्मे आधी, निम्मे पहिलं जेवण झाल्यावर. मुलाचेही पैसे तिने धरले. खरं तर तीन वर्षांखालच्या मुलाला टेबलाच्या संख्येत मोजावं लागतं, पण त्याच्या जेवणाचे पैसे डिस्नीसुद्धा घेत नाही, तो आईबापांच्या ताटातलं खातो. हे मला माहीत असतं तर तिथेच काहीतरी खटकलं असतं. पैसे झेलवरून मागितले, म्हणजे बँकेतून थेट बँकेत पैसे पाठवायच्या अमेरिकेतल्या सोयीवरून. "कार्ड घेतलं तर मला टॅक्सची कटकट होते हो ताई," म्हणाली. मी ३१५ डॉलर पाठवले.

तासाभरात तीन स्क्रीनशॉट आले. तारीख, वेळ, सहा जण, कन्फर्मेशन नंबर, सगळं व्यवस्थित. मी म्हटलं, हे माझ्या अ‍ॅपमध्ये कधी दिसेल? तर म्हणे, "दिसणार नाही, माझ्या नावावर आहे. तुम्ही तिथे फक्त माझं आडनाव सांगा. खात्यांमध्ये हलवाहलव केली तर सिस्टिम पकडते आणि सगळंच रद्द होतं." मी मान डोलावली.

पहिलं जेवण होतं शेफ मिकीज, कंटेम्पररी हॉटेलातला नाश्ता. आडनाव सांगितलं, तिथल्या मुलीने टॅबलेटवर बघितलं, पाच मिनिटांत टेबल. काय छान सकाळ होती ती! मोनोरेल त्या हॉटेलच्या पोटातून जाते, आपण खात असताना डोक्यावरून सरकते. मुलगा प्रत्येक गाडीला टाटा करत होता. मिकी शेफच्या टोपीत आला, मग मिनी, डोनाल्ड, गूफी, प्लूटो. मुलीने ऑटोग्राफची वही पुढे केली. त्यांचे हातमोजे एवढे जाड असतात की साधं पेन धरताच येत नाही, म्हणून आम्ही मुद्दाम जाड मार्कर नेला होता. मिकीची सही अर्धं पान व्यापून बसली. सासरे एरवी फोटोला उभे राहत नाहीत, ते गूफीच्या गळ्यात हात टाकून उभे राहिले.

आम्ही टेबलावरून उठायच्या आत मेसेज आला, "कसं झालं ताई? उरलेले आज पाठवाल ना?" मी तिथेच बसून बाकीचे ३१५ पाठवले. वर धन्यवाद म्हणून फुलंही पाठवली.

दुसऱ्या दिवशी कॅसल. मॅजिक किंगडमची त्याच तारखेची तिकिटं आम्ही केवळ या जेवणासाठी घेतली होती. सकाळी हॉटेलवर मुलीला निळा झगा घातला, सासूबाईंनी तिचा अंबाडा बांधला, एकही बट सुटू नये म्हणून तीनदा बांधला. १२:१० ची वेळ. बाराला आम्ही कॅसलच्या दारात.

आडनाव सांगितलं. तिथल्या मुलीने शोधलं, पुन्हा शोधलं, कन्फर्मेशन नंबर मागितला. मी स्क्रीनशॉट दाखवला. ती आमच्या पोरीकडे बघून जरा थांबली आणि हळू आवाजात म्हणाली की हे बुकिंग आज सकाळी रद्द झालंय, ९:४० ला. दुसऱ्या दिवशीचं तिसरं जेवण, एपकॉट या डिस्नीच्याच दुसऱ्या पार्कमधल्या आकर्शुस रेस्टॉरंटचं, तेही तिने बघून दिलं. तेही रद्द. मी त्या बाईला फोन लावला, लागला नाही. मेसेज केला, एकच टिक. ग्रुपमधूनही ती गेली होती.

मुलगी रडली नाही. वहीचं प्रिन्सेससाठी राखलेलं कोरं पान तिने आधीच उघडून ठेवलं होतं, त्यावर अंगठा दाबून ती दाराकडे बघत उभी राहिली. "आई, आता आपला नंबर आहे ना?" पैशांचं दुःख नंतरचं, ते वाक्य मला अजून झोपू देत नाही.

९:४० का, हे रात्री उलगडलं. डिस्नीच्या नियमानुसार दोन तास आधीपर्यंत बुकिंग रद्द केलं तर काहीच दंड नाही. त्यानंतर केलं किंवा आलाच नाहीत, तर ज्याचं कार्ड दिलंय त्याला माणशी १० डॉलर लागतात. म्हणजे या बाईने काय केलं बघा. कुणीतरी रद्द केलेली टेबलं दिवसभर अ‍ॅपवर डोळा ठेवून स्वतःच्या खात्यात फुकट धरली, स्क्रीनशॉट आम्हाला विकले, विश्वास बसावा म्हणून पहिलं जेवण होऊ दिलं, आणि पूर्ण पैसे हातात आल्यावर बाकीची मुदतीच्या आत सोडून दिली. तिच्या खिशातून एक डॉलरही गेला नाही. तीच टेबलं तिने आणखी कुणाला विकली असतील तर तेही नवल नाही.

आणि म्हणूनच स्क्रीनशॉटवर जाऊ नका. लोक म्हणतात बनावट कागद ओळखायला शिका. पण आमचे स्क्रीनशॉट बनावट नव्हतेच! ज्या क्षणी ते पाठवले त्या क्षणी ती बुकिंग शंभर टक्के खरी होती. फक्त ती आमची नव्हती. ज्याच्या खात्यात बुकिंग, रद्द करायचं बटण त्याच्या हातात. ते तुमच्या स्वतःच्या डिस्नीच्या खात्यात, तुमच्या अ‍ॅपमध्ये दिसत नसेल, तर तुमच्याकडे काहीही नाही.

डिस्नीची पॅकेजेस विकणारे चांगले ट्रॅव्हल एजंट असतात, हे मी मुद्दाम सांगते, सगळ्यांना एका माळेत ओवू नका. पण ते तुमची अख्खी सहल बुक करतात, त्यांना कमिशन डिस्नीकडून मिळतं. नुसत्या टेबलाचे माणशी पैसे मागणारा हा त्यातला नव्हे. टेबल मोकळं झालं की नुसती सूचना पाठवणाऱ्या सेवाही आहेत, तिथे बुकिंग तुम्ही स्वतः करता. तो प्रकार वेगळा.

बँकेत फोन केला. त्यांचं म्हणणं, पैसे तुम्ही स्वतः पाठवले, तुमच्या खात्यात कुणी घुसलं नाही, त्यामुळे परत आणता येणार नाहीत. झेलचं असंच आहे, पैसे लगेच पोहोचतात आणि गेले की गेले. क्रेडिट कार्डाने दिले असते तर निदान तक्रार करून भांडता आलं असतं. मी फेडरल ट्रेड कमिशन या अमेरिकेच्या ग्राहक संरक्षण करणाऱ्या सरकारी संस्थेच्या साइटवर आणि एफबीआयच्या इंटरनेट तक्रार केंद्राकडे, दोन्हीकडे स्क्रीनशॉटसकट लिहून दिलं. अजून तरी पुढे काही झालेलं नाही.

सहलीचं म्हणाल, तर त्याच रात्री नवरा आणि मी दोन फोन घेऊन अ‍ॅप उघडून बसलो. लोक आपापली जादाची टेबलं शेवटच्या एकदोन दिवसांत सोडतात, तेव्हाच खरी संधी असते. साडेअकराला ग्रँड फ्लोरिडियन हॉटेलातल्या १९०० पार्क फेअरचं दोन दिवसांनंतरचं टेबल दिसलं, चार जणांचं. तिथे सिंड्रेला येते, आणि हॉटेल असल्यामुळे पार्कचं तिकीट लागत नाही. सासूसासरे म्हणाले, तुम्ही जा, आम्ही खोलीवर आराम करतो. कोऱ्या पानावर सही झाली. पण आजीने बांधलेला अंबाडा बघायला आजी नव्हती.

हे आत्ताच लिहायचं कारण, परवा एका दुसऱ्या ग्रुपवर मैत्रिणीला मेसेज आला, नाव वेगळं, नंबर वेगळा, वाक्य तेच. "आजीआजोबा आहेत का? मग सकाळची घाई नको." नाताळच्या दिवसाची टेबलं विकतेय. २५ डिसेंबरचं बुकिंग डिस्नी सगळ्यांसाठी २६ ऑक्टोबरला सकाळी सहाला उघडणार आहे. पहाटेचा गजर लावा, स्वतःच्या खात्यात लॉगिन करून बसा आणि कार्डाची माहिती आधीच भरून ठेवा.