ब्रुअर्सच्या मोसमासाठी घेतलेला खिशातला रेडिओ

मे महिन्यात लेकीकडे अमेरिकेत, मिलवॉकीजवळच्या वावाटोसाला आले आणि पहिल्याच आठवड्यात हा रेडिओ मागवला. तळहाताएवढा, काळा, दोन पेन्सिल सेलवर चालणारा. वर आकडे दाखवणारी बारीक पट्टी, बाजूला आवाजाचं चाक. किंमत तीस डॉलरच्या आत. जावई म्हणाले, "आई, फोनवर सगळं ऐकू येतं. रेडिओ कशाला?" तेव्हा मला नीट उत्तर देता आलं नव्हतं. आता ब्रुअर्सचा, म्हणजे मिलवॉकीच्या बेसबॉल संघाचा मोसम संपलाय, २०२५ चा ऑगस्ट आणि सप्टेंबर मी या डबीला कान लावून काढलाय, तेव्हा सविस्तर लिहिते.

आधी एक अडचण, कारण नवीन माणूस तिथेच अडकेल. रेडिओ हातात आला तो नऊच्या टप्प्यावर लावलेला होता. भारतात मीडियम वेव्हची स्टेशनं नऊ-नऊ किलोहर्ट्झच्या अंतरावर असतात, अमेरिकेत दहा-दहाच्या. ब्रुअर्सचे सामने सांगणारं स्टेशन ६२० वर, आणि माझा रेडिओ ६१२ वरून थेट ६२१ वर जायचा. ६२१ वर ऐकू यायचं, पण सर्दी झाल्यासारखं. शिकागोचं ६७० तर सापडेचना, कारण तो ६६६ आणि ६७५ वरच थांबायचा. दोन दिवस मला वाटलं यंत्रच बिघडलेलं आलं. शेवटी माहितीपत्रकातल्या बारीक अक्षरांत सापडलं की रेडिओ बंद असताना एक बटण दाबून धरलं की टप्पा बदलतो. बदलला, आणि ६२० असं खणखणीत लागलं की स्वयंपाकघरातून लेक बघायला आली. ही सूचना खोक्यावर मोठ्या अक्षरात छापायला हवी होती.

आता रेडिओच का ते. माझी पिढी बाळ ज. पंडितांचं क्रिकेटचं मराठी धावतं वर्णन ऐकत वाढली. मैदान डोळ्यांनी न बघता कानांनी उभं करायची सवय आम्हाला लहानपणापासून. बेसबॉल या सवयीला क्रिकेटइतकाच जुळतो. दोन फेकींच्या मध्ये बोलायला जागा असते. २०२३ पासून पिचरवर, म्हणजे चेंडू फेकणाऱ्यावर, घड्याळ लागलंय: बेसवर, म्हणजे धावणारा थांबतो त्या टप्प्यांवर, कोणी नसेल तर पंधरा सेकंदांत फेक सुरू करायची, कोणी असेल तर आता अठरा. तरीही त्या पंधरा सेकंदांत चांगला समालोचक वारा कुठून वाहतोय, बॅटरने मागच्या वेळी काय केलं, डावीकडचा क्षेत्ररक्षक किती मागे उभा आहे, एवढं सगळं सांगून जातो.

आणि मिलवॉकीत चांगला समालोचक म्हणजे बॉब युकर. जन्म याच गावचा. सहा मोसम कॅचर म्हणून, म्हणजे बॅटरच्या मागे बसून चेंडू झेलणारे म्हणून, खेळले. फटक्यांची सरासरी .२००, म्हणजे पाचांत एक. होमरन, म्हणजे थेट सीमेपलीकडे मारलेले फटके, चौदा. मग १९७१ पासून २०२४ पर्यंत, चोपन्न मोसम, ब्रुअर्सचे सामने रेडिओवरून सांगितले. मी २०२२ आणि २०२४ च्या उन्हाळ्यात त्यांना ऐकलं, जावयांच्या गाडीत आणि लेकीच्या ओट्यापाशी. बेसबॉल मला त्यांनीच शिकवला. मुद्दाम नाही, पण ऐकता ऐकता कळत गेलं की 'फुल काउंट' झाला, म्हणजे पुढच्या एका फेकीवर बॅटरचा निकाल लागू शकतो अशी वेळ आली, की आवाज का खाली येतो. १६ जानेवारी २०२५ ला ते गेले, नव्वदाव्या वर्षी. या वर्षी रेडिओ घेतला त्यामागे तेही एक कारण होतं. ते नसताना ६२० कसा लागतो ते ऐकायचं होतं. आताचे समालोचक चांगले आहेत, मनापासून सांगतात. पण जून उजाडेपर्यंत मी प्रत्येक उंच चेंडूला तो जुना आवाज चढायची वाट बघत होते.

या रेडिओची खरी किंमत ऑगस्टमध्ये कळली. जुलैअखेर खेळाडूंच्या अदलाबदलीची मुदत संपते, कोणाचा संघ काय आहे ते ठरून जातं, आणि मग रोज एका सामन्याने गुणतक्ता वरखाली होतो. १६२ सामन्यांच्या मोसमातले शेवटचे पन्नास-पंचावन्न. ब्रुअर्स नॅशनल लीगच्या मध्य विभागात. सोबत शिकागो कब्ज, सेंट लुईस कार्डिनल्स, सिनसिनाटी रेड्स आणि पिट्सबर्ग पायरेट्स. आता ही गंमत बघा: मिलवॉकी ६२०, शिकागो ६७०, सिनसिनाटी ७००, सेंट लुईस ११२०. विभागातल्या पाचांपैकी चार संघ मीडियम वेव्हवर, एकाच पट्टीवर! ६७० तर इथे दिवसाढवळ्या स्पष्ट येतं. बाकीची दोन सुमारे पाचशे किलोमीटरवरची. ती दिवसा नाहीत, सूर्य मावळला की येतात, कारण रात्री वातावरणाचा वरचा थर मीडियम वेव्हच्या लहरी परत जमिनीकडे वळवतो. ऑगस्टच्या मध्यात इथे पावणेआठच्या सुमाराला सूर्य मावळतो. सिनसिनाटीतला सामना आमच्या घड्याळाने पावणेसहाच्या आसपास सुरू होतो. म्हणजे पहिल्या डावांत ७०० वर नुसती खरखर, आणि नऊपैकी सातव्या-आठव्या इनिंगला, म्हणजे डावाला, विहिरीतून वर यावा तसा एक माणूस बोलायला लागतो. हे पहिल्यांदा झालं तेव्हा मी नातवाला झोपेतून उठवणार होते.

इथे यंत्राची परीक्षा होते. ६२० जवळचं आणि दणकट, त्याच्या सावलीत ६७० आणि ७०० वेगळे ऐकू यायला हवेत. काट्याच्या स्वस्त रेडिओत ते एकमेकांत मिसळतात. या रेडिओने चांगलं निभावलं. ७०० च्या मागे अधूनमधून दुसरं काहीतरी कुजबुजतं, पण धावसंख्या चुकत नाही. लक्षात ठेवायची गोष्ट अशी की वरची लांब काडी फक्त एफएमसाठी आहे. मीडियम वेव्हचा अँटेना आत आडवा बसवलेला असतो, म्हणून काडी ओढत बसू नका, अख्खा रेडिओच फिरवा. माझा सेंट लुईससाठी खिडकीत तिरपा ठेवावा लागतो, सिनसिनाटीसाठी बराच वळवावा लागतो. खिडकीच्या चौकटीवर मी पेन्सिलने दोन रेघा मारल्यात. फोनचा चार्जर दोन हात लांब हवा, नाहीतर सगळं गुणगुणतं. आणि वीज चमकली की रेडिओ कडाडतो. मला हे आवडतं. वादळ मिशिगन तळ्याकडे सरकतंय हे ढग दिसायच्या आधी कळतं.

१ ऑगस्टपासून ब्रुअर्स हरेचनात. सलग बारा विजय झाले आणि गावात बर्गरची चर्चा सुरू झाली. जॉर्ज वेब नावाची इथली जुनी खानावळ आहे. गावच्या संघाने सलग बारा जिंकले तर फुकट बर्गर, असा तिचा शब्द. तो १९८७ मध्ये पाळावा लागला, मग २०१८ मध्ये, आणि आता २०२५ मध्ये. २० ऑगस्टला दुपारी दोन ते सहा. मी मांस खात नाही, तरी जावई आणि नातवाबरोबर रांगेत उभी राहिले, रेडिओ खिशात. रांगेतल्या एका आजोबांनी रेडिओ हातात घेऊन उलटासुलटा बघितला आणि १९८७ च्या रांगेबद्दल सांगितलं. माझा तर तो सगळ्यात आवडता अर्धा तास.

पण तेराव्या विजयाबद्दल सांगायलाच हवं. १५ ऑगस्ट, सिनसिनाटी. ब्रुअर्स ८-१ मागे. लेकीने टीव्ही बंद केला. मी ओट्यावर भेंडी चिरत ६२० चालूच ठेवला, कारण रेडिओ बंद करायला हात कोरडे करावे लागतात. आणि तिथून ते १०-८ जिंकले. ब्रुअर्सच्या ख्रिश्चन येलिचने दोन होमरन मारले, आणि त्या दिवशी त्याच्या हातात युकर यांच्या आठवणीसाठी बनवलेली बॅट होती. ते ऐकताना मी सुरी खाली ठेवली. शेवटी शेवटी ७०० लावून बघितलं, तिकडचे समालोचक कसे बोलतायत ते. आवाज येत-जात होता, पण पडलेला सूर ओळखू येत होता. दुसऱ्या दिवशी चौदावा, अकरा इनिंगचा. संघाचा १९८७ चा सलग तेराचा विक्रम मोडला. त्याच्या पुढच्या दिवशी हरले, आणि लगेच शिकागोत चार दिवसांत पाच सामने. त्या चार दिवसांत मी सेल बदलले.

सेलचं सांगायचं तर रोज तीन तास स्पीकरवर ऐकलं तर साधारण पंधरा दिवस. इअरफोनवर बरेच जास्त. पट्टीवरचा दिवा पाच सेकंदांत विझतो, अंधारात आकडा बदलताना त्रास होतो. सेलच्या झाकणाची खिटी नाजूक आहे, माझी जुलैतच तुटली, रबर लावलंय. आवाज पूर्ण वाढवला तर फाटतो. अंगणात पाच-सहा माणसांना ऐकवायचा असेल तर हा रेडिओ घेऊ नका.

फोनवरच्या प्रक्षेपणाशी तुलना करायची तर तिथे आवाज जास्त स्वच्छ, यात वाद नाही. पण ते मागे असतं. टीव्हीवर इंटरनेटने येणारं चित्रही मागे. एकदा जावई टीव्हीपुढे, मी स्वयंपाकघरात, आणि मी ओरडले, "गेला!" त्यांच्या पडद्यावर पिचर अजून कॅचरच्या खुणा बघत उभा होता. तेव्हापासून आमचं ठरलंय: अटीतटीच्या वेळी मी इअरफोन लावायचे आणि चेहरा भिंतीकडे ठेवायचा.

ब्रुअर्सच्या मैदानावर, अमेरिकन फॅमिली फील्डवरही एकदा नेला. वरच्या टेरेसमधली स्वस्त जागा. तिथे शेवटच्या रांगेत युकर यांचा बसलेला पुतळा आहे, शेजारची खुर्ची रिकामी. पोलादी छताखाली ६२० वर खरखर होती, तरी एका कानात समालोचन आणि दुसऱ्या कानात मैदान, असं बराच वेळ बसले. सहाव्या इनिंगला सॉसेजचे पोशाख घातलेले धावपटू शर्यत लावतात, तेव्हा नातवाने रेडिओ मागून घेतला आणि मग सामना संपेपर्यंत परत दिलाच नाही.

सप्टेंबरमध्ये नातू आणि मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर 'मॅजिक नंबर' लिहायला लागलो. हिशोब सोपा: १६३ मधून आपले विजय वजा करायचे आणि दुसऱ्या क्रमांकाच्या संघाचे पराभव वजा करायचे. शून्य झालं की विभाग आपला. रोज संध्याकाळी तो विचारायचा, "आजी, शिकागो हरलं का?" आणि मी ६७० लावायचे. दुसऱ्याच्या गावच्या स्टेशनवर त्यांच्या पराभवाची वाट बघत बसताना सुरुवातीला मला अवघडायचं. नंतर त्यांचे समालोचकही ओळखीचे झाले.

२१ सप्टेंबर, रविवार. ब्रुअर्स सेंट लुईसमध्ये, कब्ज सिनसिनाटीत. दुपारची वेळ, त्यामुळे ७०० मिळणार नव्हतं. ६२० आणि ६७० या दोन आकड्यांमध्ये माझा अंगठा दुखेपर्यंत ये-जा झाली. कब्जचा शेवटचा बॅटर बाद झाला तेव्हा मी ६७० वर होते. तिकडे एकदम शांतता. मी ६२० लावलं, आणि नातू खुर्चीवर चढून कॅलेंडरवरचा आकडा खोडायला लागला.