पार्ट कपाटात आहे, पण विकता येत नाही: व्हिएतनाममधल्या प्रतिनिधी कार्यालयाचा अनुभव

मागच्या महिन्यात जे झालं त्यानंतर हे लिहायचंच ठरवलं. हो ची मिन्ह सिटीला लागून असलेल्या बिन्ह झुओंगमधल्या एका कापड गिरणीत रॅपिअर लूम, म्हणजे पट्टीने आडवा धागा ओढून नेणारा माग, रात्रपाळीत बंद पडला. लागत होती फक्त ती पट्टी, म्हणजे एक रॅपिअर टेप, आमच्या इचलकरंजीच्या कारखान्यात बनणारी, चार हजार रुपयांच्या आतली. ती टेप हो ची मिन्ह सिटीतल्या आमच्या ऑफिसच्या कपाटात होती, सॅम्पल म्हणून आणलेली. सकाळी गिरणीचा माणूस तुटलेली टेप पिशवीत घालून मोटारसायकलवरून दारात हजर. शेजारी शेजारी धरून भोकांचं अंतर मोजलं, तंतोतंत जुळलं. आणि मी ती त्याला विकू शकलो नाही.

आमचं ऑफिस म्हणजे परदेशी कंपनीचं प्रतिनिधी कार्यालय, आणि अशा कार्यालयाला तिथे विक्री करता येत नाही. व्हिएतनामच्या २०१६ च्या ०७ क्रमांकाच्या सरकारी आदेशात स्पष्ट लिहिलंय: संपर्क ठेवा, बाजाराचा अभ्यास करा, कंपनीच्या व्यवहाराला चालना द्या. कमाई करायची नाही. बिल फाडता येत नाही, आणि गिरणीच्या अकाउंट्सला ‘लाल बिल’, म्हणजे अधिकृत कर-बिल, लागतंच. २०२२ पासून तिथली बिलं इलेक्ट्रॉनिक झाली, तरी बोलताना सगळे लाल बिलच म्हणतात. फुकट दिली असती तर त्याने नेलीही असती. पण आज एकाला फुकट दिली की उद्या दहा जण दारात उभे राहणार, मग धंदा कशाचा करायचा? शेवटी त्याने ऑर्डर थेट इचलकरंजीला पाठवली, पैसे बँकेतून गेले, माल कुरिअरने आला, कस्टम्स गिरणीने आपल्या नावावर सोडवलं. कुरिअरचा खर्च टेपच्या किमतीपेक्षा जास्त. तोवर मागावर चिनी टेप बसली होती.

आता ऑफिस उघडण्याबद्दल. सरकारी बाजू मला खरोखर आवडली. कंपनी आपल्या देशात किमान एक वर्ष जुनी हवी, एवढीच मुख्य अट. परवान्याची फी ३० लाख डोंग. आकडा ऐकून घाबरू नका, साधारण दहा हजार रुपये होतात. कागद पूर्ण असतील तर उद्योग व व्यापार खातं सात कामाच्या दिवसांत परवाना देतं. पाच वर्षांसाठी.

वेळ खाल्ला तो कागद पूर्ण करण्याने. कंपनीचा नोंदणी दाखला आणि ऑडिट झालेला ताळेबंद आधी नोटरी, मग चेंबर ऑफ कॉमर्स, मग परराष्ट्र मंत्रालय, मग मुंबईतला व्हिएतनामचा वाणिज्य दूतावास, आणि मग व्हिएतनामी भाषांतर. एका कागदावर कंपनीच्या नावात ‘प्रा. लि.’ आणि दुसऱ्यावर ‘प्रायव्हेट लिमिटेड’ असं असलं तरी फाईल परत येते. तिथल्या ज्या एजन्सीकडे काम दिलं होतं, तिने सरकारी फीच्या कित्येक पट पैसे घेतले आणि भाषांतराचे पानामागे वेगळे लावले. कोटेशनमध्ये ‘सर्व समाविष्ट’ लिहिलं होतं. याचा राग अजून गेलेला नाही. भाव ठरवताना भाषांतर, शिक्क्याची नोंदणी आणि टॅक्स कोड हे तिन्ही नाव घालून लिहून घ्या.

चालवण्याचा खर्च मात्र साधा असतो. कमाई नाही म्हणून कंपनी-कर नाही. भाडं, पगार, पगारावरचा कर कापून भरणं, आणि सामाजिक विमा, ज्यात कंपनीचा वाटा पगाराच्या २१.५ टक्के. सगळे पैसे भारतातून पाठवायचे. रिझर्व्ह बँकेच्या २०१५ च्या नियमांत चालू खर्चासाठी मागच्या दोन वर्षांच्या सरासरी विक्रीच्या १० टक्क्यांपर्यंत मुभा आहे. आमच्यासारख्या कारखान्याला ती भरपूर पुरते. वर्षाचा अहवाल ३० जानेवारीच्या आत जायला हवा. आणि कार्यालय प्रमुख देशाबाहेर जाणार असेल तर दुसऱ्याला लेखी अधिकार देऊन जायचं. दिवाळीला घरी येतानासुद्धा.

१ जुलै २०२५ ला तिथले जिल्हे रद्द झाले आणि बिन्ह झुओंग हो ची मिन्ह सिटीत विलीन झालं. आमच्या परवान्यावर अजून क्वान १, म्हणजे जिल्हा १, छापलेलं आहे, जो आता अस्तित्वातच नाही. जुना परवाना चालतो, काळजी नसावी.

पहिल्या वर्षी मी सरळ म्हणायचो की हा पैसा वाया गेला. ते मत आता बदललंय, आणि बदलवलं ते याच ‘विकता येत नाही’ने. तिथले स्पेअर पार्टचे डीलर आधी आम्हाला जवळ करत नव्हते. परदेशी कंपनी आज गिरण्या दाखवून घेते आणि उद्या परस्पर माल विकते, हा त्यांचा जुना अनुभव. एकाला मी परवाना दाखवला. त्यावरची कामांची यादी त्याने बोट ठेवून ओळ न् ओळ वाचली, आणि पुढच्याच आठवड्यात आम्हाला स्वतःच्या गाडीतून गिरण्यांमध्ये घेऊन गेला. कोणता माग किती जुना, कुठे कोणाचा पार्ट चालतो, हे सगळं त्याच्यामुळे कळलं. आमची नवी गिऱ्हाईकं बहुतेक त्याच्याच ओळखीची.

तरी टेपचा प्रश्न पूर्ण सुटलेला नाही. माल आता तो डीलरच आयात करतो, लाल बिलही त्याचंच. पण त्याची मार्जिन मला बोचते, आणि तो साठा ठेवतो फक्त पटकन खपणाऱ्या पार्टचा. कधीतरी लागणारा पार्ट पुन्हा इचलकरंजीहूनच मागवावा लागतो. मशीन विकणाऱ्याला हे चालेल. वर्षाला दोन मोठ्या ऑर्डर, व्यवहार थेट भारतातल्या कंपनीशी, तिथे हे कार्यालय पैसा वसूल आहे. ज्याचं पोट सुट्या पार्टवर आहे, त्याने आधी डीलर शोधावा, मग भाड्याची जागा बघावी.

एक गोष्ट एजन्सी आपणहून सांगत नाही: या कार्यालयाची पुढे कंपनी करता येत नाही. कंपनी हवी तर नवी नोंदवायची, नवा टॅक्स नंबर, नवा शिक्का, कर्मचाऱ्यांचे नवे करार. म्हणून मालकांना लेखी कळवलंय की परवाना संपायला वर्ष उरलं की निर्णय घ्यावा, आणि तोवर जागेचा करार वर्षाच्या वर करू नये.