‘टेमिंग ऑफ द श्रू’: पात्रं उलटी करावीत की सगळ्या भूमिका बायकांना द्याव्यात?

शेक्सपिअरचं हे नाटक आज जसंच्या तसं करायला भलेभले कचरतात. तोंडाळ कॅथरिनाला नवरा पेट्रुकिओ उपाशी ठेवतो, झोपू देत नाही, आणि ती ‘सुधारते’. यावर हसायचं कसं? पण संवाद इतके फर्मास की नाटक सोडवतही नाही. तुमच्या संस्थेत हाच घोळ चालू असेल, तर दोन वाटा आजमावून झालेल्या आहेत.

पहिली, पात्रांचीच अदलाबदल: पुरुषाची बाई, बाईचा पुरुष. रॉयल शेक्सपिअर कंपनीने २०१९ मध्ये जस्टिन ऑडिबर्टच्या दिग्दर्शनाखाली ती केली. इंग्लंड १५९०च्या दशकातलंच, पण सत्ता बायकांच्या हाती. पेट्रुकिओची पेट्रुकिया झाली (क्लेअर प्राइस), कॅथरिनाची धाकटी बहीण बियांका हिचा बियांको. कॅथरिना, म्हणजेच कॅथरिन, हे नाव तेच राहिलं, पण आता तो पुरुष, जोसेफ आर्कले. दुसरी वाट दिग्दर्शिका फिलिडा लॉइडची. पात्रं बाईची बाई, पुरुषाचा पुरुष, फक्त रंगमंचावर सगळ्या अभिनेत्री. लंडनच्या ग्लोब नाट्यगृहात २००३ साली आणि न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये २०१६ साली, दोन्हीकडे पेट्रुकिओ जॅनेट मॅकटीअर.

फरक कळायला लग्नानंतरचा प्रवेश घ्या. पेट्रुकिओ भर मंडपात जाहीर करतो की ही माझी मालमत्ता आहे, माझं घर, माझं घरसामान, माझा घोडा, माझा बैल. अदलाबदलीत हेच एक बाई नवऱ्याबद्दल बोलते. आधी हशा पिकतो. मग लक्षात येतं की मूळ नाटकात हे ऐकताना आपल्याला एवढं खटकलं नव्हतं. मला या वाटेची ही सर्वात मोठी कमाई वाटते. अभिनेत्रींच्या प्रयोगात खटका वेगळ्याच जागी बसतो. तिथे पाय फाकून बसणं, छाती काढून चालणं हा पुरुषी तोराच सोंग म्हणून उघडा पडतो, त्यामुळे पेट्रुकिओ हास्यास्पद होतो आणि कॅथरिनाचा छळ मात्र छळच राहतो.

अदलाबदलीची अडचण उपासमारीच्या प्रवेशात येते. धडधाकट पुरुष ताटावर झडप का घालत नाही, हा प्रश्न प्रेक्षक विचारणारच. त्यासाठी बायकांचं राज्य पहिल्या प्रवेशापासून पटवावं लागतं: हुंडा कोण देतं, मालकी कुणाची, नोकर कुणाला दबतात. नुसत्या टाळ्यांसाठी नावं बदलली, तर अर्ध्या तासात गंमत संपते. शेवटचं लांबलचक भाषण तर दोन्हीकडे कसोटी पाहतं. त्यात बायकोने नवऱ्याच्या (अदलाबदलीत नवऱ्याने बायकोच्या) पायाखाली हात ठेवायची तयारी दाखवायची, ती मनापासून की उपरोधाने, हे तालमीच्या पहिल्या आठवड्यातच ठरवा.

मराठीत करणार असाल तर संहितेचं काम कमी लेखू नका. इंग्रजीत नावं आणि सर्वनामं बदलली की बरंचसं भागतं. आपल्याकडे ‘येतो’चं ‘येते’ करता करता प्रत्येक ओळ नव्याने बसवावी लागते, यमकं मोडतात, शिव्याही बदलतात. अभिनेत्रींच्या वाटेने गेलात तर वा. बा. केळकरांच्या ‘त्राटिका’सारखं तयार रूपांतरही हाताशी येतं, जुनी भाषा पेलवत असेल तर.

माझा कौल: दोन तगड्या अभिनेत्री आणि थोडाच वेळ असेल तर लॉइडची वाट. लेखक सोबत असेल आणि तालमींना महिने असतील तरच अदलाबदल. दोन्ही नको असतील, तर शेक्सपिअरचा समकालीन नाटककार जॉन फ्लेचरने याच पेट्रुकिओला दुसऱ्या बायकोकडून वठणीवर आणणारं ‘द टेमर टेम्ड’ १६११च्या सुमारास लिहून ठेवलेलं आहेच.